भाकर आणि बिरादरी : दिल्लीतील ख्रिस्ती सहभागिता

दिल्लीत काश्मीर दरवाजाजवळ सेंट जेम्स चर्च उभे आहे. मोठ्या घुमटाची ही वास्तू कर्नल जेम्स स्किनर याने स्वखर्चाने बांधली आणि २१ नोव्हेंबर १८३६ रोजी तिचा समर्पणविधी झाला. स्किनरचे वडील स्कॉटिश आणि आई रजपूत. हिंदी स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला त्या काळी कंपनीच्या फौजेत अधिकारपद मिळत नसे. म्हणून तरुण स्किनर शिंद्यांच्या कवायती पलटणीत चाकरीला राहिला. १८०० साली उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन रणांगणावर पडला. या प्रसंगातून वाचलो तर देवाचे मंदिर बांधीन, असा नवस त्याने तेथे केला. हे चर्च म्हणजे त्या नवसाची फेड होय, अशी कथा दिल्लीचा कोणताही जाणकार वाटाड्या आजही सांगतो.

त्याच रणांगणावरची दुसरी एक हकीकत मात्र वाटाडे सहसा सांगत नाहीत. स्किनरच्या आठवणी १८५१ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत ती आली आहे. पाण्यावाचून तळमळणाऱ्या जखमींजवळ एक वृद्ध पुरुष आणि एक वृद्ध स्त्री आली. त्यांच्यापाशी टोपलीत जोंधळ्याची भाकर आणि मडक्यात पाणी होते. जातीने ती दोघे चर्मकार होती. म्हातारीने प्रत्येक जखमीला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा घोट दिला. स्किनरने तो कृतज्ञतेने घेतला. त्याच्या शेजारी पडलेला रजपूत सुभेदार मात्र घेईना. चार घटकांच्या आयुष्यासाठी धर्म का बुडवावा, विटाळल्यावाचून मेलेले बरे, असे त्याने सांगितले. स्किनर बरा झाला तेव्हा त्याने त्या म्हातारीला एक हजार रुपये पाठविले आणि आपण तिला आई मानतो असा निरोप धाडला.

नवस आणि भाकर या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात, एकाच ठिकाणी घडल्या. नवसाचे चर्च झाले. भाकरीचे काय झाले, हा प्रश्न पुढील दोन शतके दिल्लीच्या ख्रिस्ती समाजापुढे निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

ख्रिस्ती लोक ‘प्रेम’ आणि ‘सहभागिता’ असे म्हणतात तेव्हा त्यांना काय अभिप्रेत असते, हे आधी पाहिले पाहिजे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात प्रेमासाठी ‘आगापे’ हा शब्द येतो. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ केला. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला तो आज वेगळाच लागतो; त्यात शृंगाराची छटा राहिलेली नाही. दुसऱ्याचे भले इच्छिणे, तेही तो आवडतो की नाही याचा विचार न करता, असा त्याचा भाव आहे. दुसरा शब्द ‘कॉयनोनिया’. सहवास, सहभागिता, भागीदारी या सर्व अर्थांना तो व्यापतो. ग्रीक व्यवहारात तो व्यापारातील भागीदारांसाठीही वापरला जाई, आणि हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भागीदारी म्हटली की नफ्यातोट्याचा हिशेब आला. केवळ भावना जुळल्याने ती सिद्ध होत नाही. आरंभीचे शिष्य एकत्र प्रार्थना करीत, एकत्र भाकर मोडीत आणि आपली मालमत्ता विकून गरजवंतांना वाटून देत, असे वर्णन ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे.

हे चित्र रम्य आहे. परंतु त्याच पुस्तकात काही पानांनंतर भांडण सुरू होते. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांनी हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध केली. भाषेचा भेद ताटापर्यंत पोहोचला होता. तेव्हा वाटपासाठी सात जण नेमण्यात आले आणि त्या यादीतील पहिले नाव स्तेफन हे होते. हाच पुढे ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा ठरला. दिल्लीत सेंट स्टीफन्स या नावाचे चर्च आहे, रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे. या नावाने बहुतेकांना हौतात्म्य आठवते. त्याची पहिली नेमणूक मात्र पंगतीत वाढण्याच्या कामावर झाली होती.

करिंथ नगरातील मंडळीची गोष्टही अशीच आहे. (‘मंडळी’ हा ख्रिस्ती मराठीत ‘चर्च’ या समुदायवाचक अर्थाचा शब्द आहे, वास्तूसाठी तो वापरीत नाहीत.) तेथे प्रभुभोजनाला सधन लोक लवकर येत आणि खाऊनपिऊन तृप्त होत. दिवसभर राबून उशिरा येणारे गुलाम आणि मजूर उपाशी राहत. पौलाने त्यांची खरमरीत कानउघाडणी केली. प्रीतीचे जे प्रसिद्ध स्तोत्र आज ख्रिस्ती विवाहसमारंभात हमखास वाचले जाते, ते त्याच पत्रात दोन अध्यायांनंतर येते. वधूवरांना उद्देशून ते लिहिलेलेच नाही. एका पंगतीला नीट बसता न येणाऱ्या, एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या भांडखोर समुदायाला ते लिहिलेले आहे.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. बाप्टिस्ट मिशनचे काम येथे १८१८ मध्ये सुरू झाले होते, पण शहराला खरा हादरा बसला तो ११ जुलै १८५२ रोजी. त्या दिवशी सेंट जेम्स चर्चमध्ये दिल्ली कॉलेजचे गणितज्ञ मास्टर रामचंद्र आणि डॉक्टर चिमनलाल यांनी बाप्तिस्मा घेतला. दोघेही प्रतिष्ठित, शहरात मान असलेले. रामचंद्रांचा महत्तम व लघुतम मूल्यांविषयीचा गणिती ग्रंथ १८५० मध्ये निघाला होता, आणि पुढे ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या प्रयत्नाने तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. धर्मांतरानंतर दिल्लीत खळबळ उडाली. पाच वर्षांनी, ११ मे १८५७ रोजी, बंडवाले शहरात शिरले तेव्हा चिमनलाल मारले गेले. बाप्टिस्ट उपदेशक विलायत अली यांनाही प्राणास मुकावे लागले. रामचंद्र वाचले, कारण ख्रिस्ती न झालेल्या त्यांच्या नातलगांनी आणि नोकरांनी त्यांना लपविले.

त्यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर रामचंद्र शहरात आले आणि सरकारी कामावर रुजू झाले. रस्त्याने जाताना एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यावर काठी हाणली. आपण ख्रिस्ती आहोत असे त्यांनी सांगितले, तर त्यांच्या काळ्या रंगावरून त्यांना हिणवण्यात आले. त्यांच्या राहत्या घरावरही शेजारचे अधिकारी मारा करीत. अखेर १८५७ च्या नोव्हेंबरात त्यांनी लष्करी अंमलदाराला तक्रारअर्ज लिहिला. बंडवाल्यांकडून मरण आले तर हुतात्मा झाल्याचे समाधान तरी असते. ख्रिस्ती अधिकाऱ्यांकडूनच, केवळ कातडी गोरी नाही म्हणून, जिवाला धोका असेल तर कशाच्या आधारे धीर धरावा, असा त्यांचा सवाल होता. आणखी एक गोष्ट त्यांनी त्यात नमूद केली: बंडवाले निदान आपला धर्म स्वीकारणाऱ्याला भाऊ म्हणून जवळ करीत होते. भारतातील ख्रिस्ती बंधुतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु या अर्जाइतका नेमका कागद क्वचितच सापडेल. एका सुशिक्षित, श्रद्धाळू माणसाने तो भावाभावांतील अन्यायाची दाद मागावी तसा लिहिला आहे, आणि त्यात धर्म सोडण्याची भाषा कोठेही नाही.

बंडानंतर मिशनचे काम पुन्हा उभे राहिले. फतेहपुरीजवळ १८६० च्या दशकात सेंट स्टीफन्स चर्च बांधण्यात आले. रॉबर्ट विंटर आणि त्यांच्या पत्नी प्रिसिला हे या काळातील प्रमुख कार्यकर्ते होत. प्रिसिला विंटर यांनी यमुनेच्या काठी येणाऱ्या बायकांना औषधे देण्यास आरंभ केला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ चांदणी चौकात सेंट स्टीफन्स रुग्णालय उभारले गेले. १८८५ मध्ये ते सुरू झाले आणि पुढे तीस हजारी भागात हलले.

आता मिशनकडे येणारे लोक रामचंद्रांच्या वर्गातले नव्हते. दर्यागंज व आसपासच्या वस्त्यांतील चर्मकार मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेऊ लागले. १८७७-७८ च्या दुष्काळात ही संख्या आणखी वाढली. त्यांच्यासाठी मिशनने स्वतंत्र ख्रिस्ती वस्त्या वसविल्या. तेथे राहणाऱ्यांना मोजकेच नियम होते: रविवारी काम करू नये, जन्म, विवाह व मृत्यू यांचे संस्कार ख्रिस्ती पद्धतीने करावेत आणि चरस ओढू नये. कागदावर हे नियम सौम्य दिसतात. परंतु रोज जितके जोडे शिवावेत तितकेच पैसे मिळणाऱ्या माणसाला रविवार पाळणे म्हणजे आठवड्यातील एका दिवसाच्या भाकरीवर पाणी सोडणे होते. दुसरा नियम तर त्याहून जड. जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन प्रसंगांवरच बिरादरी उभी असते.

उत्तर हिंदुस्थानात ‘बिरादरी’ म्हणजे आपल्याकडील भाऊबंदकी आणि जातपंचायत यांचे एकत्रित रूप समजावे. मुलीचे लग्न ती ठरवते. कर्ज देते, मयताला खांदा देते, विधवेचा बंदोबस्त करते. नियम मोडणाऱ्याचे ‘हुक्कापाणी बंद’ करते, म्हणजे त्याला वाळीत टाकते. तिचा जाच भयंकर असतो, पण आधारही तिचाच असतो, विशेषतः ज्याला दुसरा कोणताच आधार नाही त्याला. ‘बिरादर’ या फारसी शब्दाचा अर्थ भाऊ असाच आहे. थोडक्यात, या लोकांजवळ एक सहभागिता आधीपासून होती. मिशन त्यांना ती सोडून दुसऱ्या सहभागितेत या, असे सांगत होते.

१८८४ मध्ये हा पेच उघड झाला. चर्मकारांची मोठी पंचायत भरली आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला: जात की ख्रिस्त? केंब्रिज मिशनचे जॉर्ज लेफ्रॉय यांनी त्याच साली दर्यागंजच्या या चर्मकारांविषयी लिहून ठेवले आहे. बहुतेकांनी जात निवडली, थोडे उरले. मिशनमधील काहींना त्यात समाधानच वाटले. नावापुरते अनेक असण्यापेक्षा निष्ठेचे थोडे बरे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी गेलेल्यांच्या बाजूनेही एकदा पाहावयास हवे. उद्या मुलगी उजवायची तर स्थळ कोण देणार? आजारपणात उसने कोण देणार? मेल्यावर खांदा कोण देणार? मंडळीने बिरादरी सोडावयास सांगितले. तिच्या जागी बिरादरी होण्याची मंडळीची तयारी होती काय? बंगल्यात राहणारा पाद्री आणि वस्तीत राहणारा चर्मकार एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती, आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण चर्चमधून बाहेर पडल्यावर दोघांच्या वाटा दोन दिशांना जात. प्याला एक होता. हिशेब एक नव्हता. कॉयनोनियाचा भागीदारी हा अर्थ येथे अडून राहिला.

काही प्रमाणात रुग्णालयाने आणि शाळांनी ही उणीव भरून काढली. परिचारिकेचे काम त्या काळी हलके मानले जाई, कारण त्यात परक्या देहाला, रक्ताला, मळाला स्पर्श करावा लागतो. देशभर या कामाकडे ख्रिस्ती कुटुंबांतील मुली प्रथम वळल्या. त्यातून कमाई आली, शिक्षण आले आणि पुढच्या पिढीचे विवाह मंडळीतच जुळू लागले. बिरादरी प्रवचनांनी घडत नाही. ती अशा व्यवहारांतून हळूहळू घडते.

केंब्रिज मिशनची स्थापना १८७७ मध्ये झाली. अविवाहित पाद्र्यांनी एका घरात राहावे, एकत्र प्रार्थना करावी, एकत्र जेवावे आणि मिळकत सामाईक ठेवावी, अशी तिची कल्पना होती. यातूनच पुढे ‘दिल्ली ब्रदरहुड’ हे नाव रूढ झाले. या मंडळींनी १ फेब्रुवारी १८८१ रोजी चांदणी चौकाच्या परिसरात एका हवेलीत सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू केले. विद्यार्थी होते पाच. सॅम्युअल ऑलनट हे पहिले प्राचार्य. बंधुसंघाचे जीवन साधे आणि शिस्तीचे होते, परंतु तो संघ केंब्रिजच्या पदवीधरांचा होता. बंधुता होती ती समान शीलाच्या आणि समान वर्णाच्या माणसांत. तिची कसोटी लागली १९०६ मध्ये.

सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ १८८६ पासून कॉलेजात शिकवीत होते. १९०४ च्या मार्चमध्ये चार्ल्स फ्रीअर अँड्रूज दिल्लीत आले. त्यांचा जिवलग मित्र बॅसिल वेस्टकॉट १९०० साली दिल्लीत पटकीने वारला होता, आणि त्याची जागा घ्यावी या ओढीने ते आले. अँड्रूज यांना हिंदुस्थान परका वाटला नाही. त्याचे श्रेय ते आयुष्यभर रुद्रांच्या मैत्रीला देत आले. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा ते इंग्रजाकडेच जाणार असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि अँड्रूज यांचे नाव पुढे आले. त्यांनी ते साफ नाकारले. वीस वर्षे शिकविलेला, अनुभवी, चारित्र्यवान माणूस समोर असताना दोन वर्षांपूर्वी आलेल्याला केवळ तो इंग्रज म्हणून वर बसविणे हा ख्रिस्ती धर्माचा उपहास आहे, अशी त्यांची भूमिका होती. हिंदी प्राचार्याच्या हाती शिस्त राहील काय, अशी शंका वरिष्ठांना होती. अखेर रुद्र प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत त्या पदावर राहिले. अँड्रूज त्यांच्या हाताखाली काम करीत राहिले. दिल्लीतील ख्रिस्ती प्रीतीच्या इतिहासात या घटनेचे स्थान फार वरचे मानावे लागेल. कारण दान देणे तुलनेने सोपे असते, दुसऱ्याच्या हाताखाली बसणे कठीण.

रुद्रांचे घर हे एक लहानसे सहभागितेचे केंद्र बनले. वृद्ध मौलवी झकाउल्ला यांच्याशी अँड्रूज यांचा स्नेह याच काळातला. झकाउल्ला हे तरुणपणी मास्टर रामचंद्रांचे शिष्य होते आणि धर्माने अखेरपर्यंत मुसलमान राहिले. अँड्रूज यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. एप्रिल १९१५ मध्ये गांधीजी दिल्लीत आले ते रुद्रांकडेच उतरले. नंतरच्या वर्षांत, आपल्या मुक्कामामुळे कॉलेजला आणि रुद्रांना त्रास होईल असे वाटून त्यांनी दुसरीकडे जाण्याची तयारी दाखविली. रुद्रांनी ऐकले नाही. इंग्रजांतील आपले वजन आणि हा मित्र यांत निवड करावीच लागली तर ती कोणती असेल हे आपल्याला ठाऊक आहे, असे त्यांनी कळविले. खिलाफतीच्या मागणीसंबंधी व्हाइसरॉयला पाठविलेल्या खुल्या पत्राचा मसुदा त्याच छपराखाली तयार झाला, असे गांधीजींनी १९२५ मध्ये रुद्रांच्या निधनानंतर ‘यंग इंडिया’त लिहिले. एका सरकारमान्य मिशन कॉलेजच्या प्राचार्याने पत्करलेला हा धोका लहान नव्हता. अँड्रूज यांनी १९१४ मध्ये मिशनचा निरोप घेऊन शांतिनिकेतनची वाट धरली होती. त्याच वर्षाच्या आरंभी दर्बानच्या धक्क्यावर त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला, तेव्हा तेथील गोऱ्या समाजात मोठा गहजब झाला होता.

याच सुमारास महाराष्ट्रातही अशीच धडपड चालू होती. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. त्यांच्या विचारांचा प्रभाव जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यावर पडला. त्यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला, आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम झाला. हिंदी आणि इंग्रज सभासदांनी एका पंगतीला जमिनीवर बसून साधे अन्न घ्यावे, हा तेथील जीवनाचा भाग होता. दिल्लीच्या बंधुसंघापुढे जी अडचण होती तिला हे एका अर्थाने उत्तर होते.

वर्णभेद स्वातंत्र्याबरोबर बराचसा मागे पडला. पंथभेद मात्र उरला. अँग्लिकन वेदीवर बाप्टिस्टाला प्रभुभोजन मिळत नसे. लहान मुलांचा बाप्तिस्मा ग्राह्य की जाणत्या वयातला, यावर मतभेद होता. ही भांडणे युरोपात जन्मलेली, पण वारसा म्हणून ती चर्मकार वस्तीतल्या कुटुंबांपर्यंत पोहोचली होती. एका भावाने एका पंथाचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला असला की सणाच्या दिवशी त्यांना एका वेदीपुढे गुडघे टेकता येत नसत. उत्तर भारतातील चर्चच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली. ती पूर्णत्वास जाण्यास चार दशके लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-संघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आली. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य करण्यात आल्या आणि निरनिराळ्या परंपरांतील पाळकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून सेवापदाचे एकीकरण केले. आपण देत आहोत की घेत आहोत हे कोणीच ठामपणे म्हणू नये, अशी ती योजना होती. सेंट जेम्स, सेंट स्टीफन्स आणि राष्ट्रपती भवनाजवळचे कॅथेड्रल हे सर्व आता याच संघटनेत आहेत. एक मोठा मेथॉडिस्ट गट शेवटच्या क्षणी बाहेर राहिला आणि रोमन कॅथॉलिक चर्च या योजनेत नव्हतेच. तेव्हा ऐक्य पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

जातीचा प्रश्न तर कायद्यानेच गुंतागुंतीचा करून ठेवला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना तो नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस २००७ मध्ये केली, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला. विरोधकांचा एक युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही. तत्त्वतः ते खरे आहे. पण देशाच्या अनेक भागांत ख्रिस्ती दलितांची बसण्याची जागा आणि दफनभूमीदेखील वेगळी राहिली आहे, आणि चर्चचे नेते स्वतःच हे आता मान्य करतात. १८८४ च्या पंचायतीत उरलेल्या थोड्यांचे वंशज या दोन्हींच्या मध्ये उभे आहेत.

ब्रदरहुडचे घर आजही सिव्हिल लाइन्समध्ये कोर्ट लेनवर आहे. या बंधूंची संख्या नेहमीच थोडी होती, पण काम मोठ्या प्रमाणावर शहराच्या कडेला सरकले. पूर्व दिल्लीत ताहिरपूर-सीमापुरीच्या बाजूस कुष्ठपीडितांच्या वसाहती आहेत. २०१३ मध्ये दिवंगत झालेले इयान वेदरॉल यांनी तेथील रहिवाशांसाठी अनेक दशके काम केले. कुष्ठरोग आता औषधाने बरा होतो, पण बऱ्या झालेल्याला बिरादरी परत घेतेच असे नाही. म्हणून अशा वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची आणि धर्मांची माणसे लग्ने करून संसार थाटून राहिली आहेत. वाळीत टाकलेल्यांनी आपली बिरादरी आपणच बांधली, असे हे दृश्य आहे. दर्यागंजच्या वस्त्यांत जे साधले नाही ते येथे, चर्चच्या नियमांवाचून, बऱ्याच अंशी साधले आहे, ही गोष्ट कोणाही पाळकाने विचारात घ्यावी अशी आहे.

राजधानीचा विस्तार नॉयडा, गुरुग्राम, फरीदाबादपर्यंत झाला तसा मंडळीचा चेहराही बदलला. केरळच्या परिचारिका आल्या. त्यांच्यामागून कुटुंबे आली, आणि २०१२ मध्ये सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत फरीदाबाद येथे स्थापन झाला. झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून उरांव, मुंडा, खडिया मुली घरकामासाठी आल्या. ईशान्येकडील राज्यांतून विद्यार्थी आणि नोकरदार आले. प्रत्येक गटाची आपापल्या भाषेत उपासना असते. मातृभाषेत प्रार्थना करण्याची ओढ स्वाभाविक आहे, तिला नावे ठेवता येत नाहीत. परंतु यरुशलेमच्या विधवांचे भांडणही भाषेवरूनच सुरू झाले होते. एकाच चर्चमध्ये सकाळी इंग्रजी उपासनेस येणारे आणि दुपारी सादरी किंवा हिंदी उपासनेस येणारे वर्षानुवर्षे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, असे होऊ शकते. २०२० च्या साथीत चर्च बंद पडली, आणि उघडल्यावर अनेक ठिकाणी सामाईक प्याला काही काळ बाजूला ठेवण्यात आला. त्या वेळी सकाळच्या आणि दुपारच्या मंडळींमधला फरक अधिकच जाणवला. एका गटाला घरबसल्या पडद्यावर उपासना पाहता आली, तर दुसऱ्या गटातील कित्येकींचे काम सुटले होते.

दुपारच्या उपासनेनंतर या मुली लगेच परतत नाहीत. आवारात चहा होतो. गावाकडची खबर, कोणाचा पगार अडला, कोण आजारी, कोणाला नवे काम हवे, अशा गोष्टी निघतात. एखादी दगावली तर तिचे शव गावी पोहोचविण्यासाठी वर्गणी जमते. लग्नेही येथेच ठरतात. उशीर केलेला मालकिणीला खपत नाही, म्हणून अंधार पडण्यापूर्वी त्या बस गाठतात. त्यांतल्या काहीजणी ख्रिस्ती कुटुंबांतच कामाला असतात. ते कुटुंब त्याच चर्चमध्ये सकाळी प्रभुभोजन घेऊन आलेले असते, आणि तशाही एखाद्या घरात ओट्याच्या कोपऱ्यात मुलीचा कप वेगळा ठेवलेला असतो.